पणजोबा बसऱ्यात वारले म्हणतात. नाशिकमध्ये जुनी नोंद कुठे शोधावी?

गोदाकाठी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव सिन्नर तालुक्यात. नाव मुद्दाम देत नाही, भाऊबंदकी अजून जोरात आहे. पणजोबांबद्दल घरात एकच वाक्य चालत आलंय : "ते बसऱ्याला गेले आणि तिकडंच वारले." साल नाही, तिथी नाही, कशाने वारले तेही नाही. आजोबा तेव्हा अगदी लहान, त्यांना बापाचा चेहराही आठवत नव्हता. तिथी माहीत नाही म्हणून पणजोबांचं श्राद्ध कायम सर्वपित्रीला उरकतात. माझे वडील आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांनी हे मनावर घेतलंय. "माझ्या आज्याची तिथी मला कळायला हवी," म्हणतात.

हाताशी आहे ते एवढंच : गावच्या जमिनीचा आजचा सातबारा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि वडिलांच्या आत्याने सांगितलेल्या गोष्टी, ज्यात दर वेळी काहीतरी वेगळं असायचं. नगरपालिकेत विचारलं तर गावचं आमच्याकडे नाही म्हणाले, ते बरोबरच आहे. आता सुरुवात कुठून करू?

जुना_तलाठी

ताई, मृत्यूच्या नोंदीपासून सुरुवात करू नका. सगळे तिथूनच करतात आणि दमतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधीच्या वह्या प्रत्येक गावात सारख्या जपलेल्या नाहीत. त्यातून माणूस परमुलखात वारला असेल तर गावच्या वहीत तो येणारच नाही.

आधी जमीन कुणाच्या नावावर गेली, कधी गेली आणि काय कारणाने गेली ते बघा. खातेदार मेला की वारस लावावे लागतात, नाहीतर सारा कुणाकडून वसूल करणार? सरकारला तुमच्या पणजोबांच्या मरणाशी देणंघेणं नव्हतं, साऱ्याशी होतं.

आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असेल, तो जुन्या कागदाला चालत नाही. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा काढा. त्यात गटासमोर जुना सर्व्हे नंबर सापडेल. तो घेऊन जुने फेरफार शोधा, म्हणजे गाव नमुना ६, जुनी माणसं त्याला ड पत्रक म्हणतात. नाशिक जिल्ह्याचे पुष्कळ जुने कागद स्कॅन झालेत, 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. तिथे नाही मिळालं तर तहसीलची रेकॉर्ड रूम. रुमाल (जुन्या कागदांची कापडी गाठोडी) सोडून बघायला मिळेल का, हे समोर बसलेल्या माणसावर अवलंबून. गोड बोला, सकाळी जा, महिनाअखेर टाळा.

आणि दाखल्यावर विसंबू नका. दाखला शाळेने नंतर लिहून दिलेला असतो. शाळेचं जनरल रजिस्टर बघा, त्यात पालक म्हणून कोणाचं नाव आहे ते महत्त्वाचं.

देवळाली_निवृत्त

बसरा म्हणजे पहिलं महायुद्ध, मेसोपोटेमियाची (आजच्या इराकची) आघाडी. पणजोबा पलटणीत होते का? मराठ्यांच्या पलटणी तिकडे बऱ्याच होत्या. १०३, ११० आणि ११७ तर कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती दिली आणि तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्यातली कितीतरी पुढच्या पायपिटीत आणि छावण्यांत मेली. १९२२ मध्ये पलटणींचे नंबर बदलले, म्हणजे १०३ ची १/५ (पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण) झाली, १०५ ची २/५ झाली. तेव्हा जुना नंबर सापडला तर तो आजच्या नंबराशी ताडून घ्या.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधा, फुकट आहे. हिंदी सैनिकांच्या नोंदीत बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. एक लक्षात ठेवा : नाशिकचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हा एचशिवाय, 'नासिक' असं होतं. नाव कसं लिहिलं असेल याचा नेम नाही. लिहिणारा गोरा कारकून किंवा मद्रासी बाबू. "विठोबा"चे पाच प्रकार करून बघा. नावाऐवजी गावावरून शोधलंत तर लवकर सापडेल.

घरात एखादं मेडल, बिल्ला, कागद काही आहे का?

उगाच_आलो

आमच्याकडे पणजोबांबद्दल "पेशव्यांच्या पदरी होते" एवढंच सांगतात. हिशेब केला तर त्यांचा जन्म पेशवाई बुडाल्यावर साठेक वर्षांनी येतो. घरातल्या वाक्यावर जास्त भार टाकू नका, एवढंच सुचवतो.

गोदाकाठी

@देवळाली_निवृत्त : मेडल वगैरे काही नाही. काकूंना विचारलं, त्या नाहीच म्हणाल्या. नाव टाकून शोधलं. आमच्या आडनावाचे भरपूर निघाले पण गाव जुळत नाही.

@जुना_तलाठी : काका, ९(३) चा अर्ज दिलाय.

देवळाली_निवृत्त

नाव नाही म्हणजे मेले नाहीत असं धरू नका. बसऱ्याच्या स्मारकावर ज्यांची कबर सापडली नाही अशा ४० हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे. पण मूळ स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती, पलटणीचं नाव आणि किती मेले तो आकडा एवढंच. कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की एक लाखाहून जास्त, कदाचित त्याच्या तिप्पट, माणसांची नावाने आठवण ठेवलीच गेली नाही. त्यात हिंदी आणि आफ्रिकी लोक, आणि बिनलढाऊ लोक सगळ्यात जास्त.

मेसोपोटेमियात हिंदुस्थानातून जितके लढणारे गेले, जवळजवळ तितकेच बिनलढाऊ गेले. हमाल, भिस्ती, खेचरवाले, रेल्वेचे मजूर, धोबी, आचारी. आपल्याकडे कोणी बसऱ्याला गेला म्हटलं की बंदूकच डोळ्यासमोर येते.

कुसुम_पंचवटी

माझं माहेर आणि सासर दोन्ही पंचवटीत, म्हणून हे सुचतंय. गंगेवरच्या (म्हणजे गोदावरीवरच्या) उपाध्यांची चोपडी बघितली का? तुमच्या गावचे तीर्थोपाध्याय कोण ते गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला माहीत असतं. नाहीतर रामकुंडावर सकाळी जाऊन गाव, आडनाव आणि जात सांगायची. ज्याच्या वाटणीचं गाव असेल त्याच्याकडे ते पाठवतात. दहा ठिकाणी विचारावं लागतं, पण कोणी उडवून लावत नाही.

चोपडीत घराण्यातलं कोण कधी आलं आणि कशासाठी आलं ते लिहिलेलं असतं. आणि मुद्दा असा : पणजोबा खरंच बसऱ्यात वारले असतील तर त्यांच्या अस्थी रामकुंडात येणार कुठून? अस्थींची नोंद निघाली तर घरातली गोष्ट तपासायला हवी. नाही निघाली तर निदान तितकंच कळेल.

सिंहस्थात गर्दी झाली की पुष्कळ घराणी एकदम नाव घालून जात. १९२०-२१ चा सिंहस्थ तुमच्या काळाला जवळ आहे, ती पानं नक्की बघा.

शरणपूर_रोड

अवांतर होतंय, पण नाशिक आणि जुने मृत्यू म्हटल्यावर राहवत नाही. आमच्याकडे चोपडी नाही, चर्चची रजिस्टरं आहेत. बाप्तिस्मा, लग्न, दफन. आमचं घराणं शरणपूरच्या मिशनमधलं. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने ती वसाहत वसवली. अरबांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईहून इथे आणत, शाळेत घालत, सुतारकाम-लोहारकाम शिकवत. त्यातलेच काही पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेले. लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये मेला, तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत उचलून नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेली मुलं होती. जेकब वेनराइट त्यांपैकीच. तो शवाबरोबर इंग्लंडला गेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत १८७४ मध्ये दफनाच्या वेळी हजर होता.

आज शरणपूर रोडवरून जाणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल? असो. सांगायचं इतकंच की ख्रिस्ती घराण्याचा शोध असेल तर रजिस्टर बघताना नाव बदललेलं असणार हे धरून चाला. बाप्तिस्म्याआधीचं नाव समासात असलं तर नशीब.

उगाच_आलो

@शरणपूर_रोड : हे अवांतर नाही, यावर वेगळा धागा काढा. आम्ही वाट बघतोय.

गोदाकाठी

मंडळी, एक गंमत सांगते.

गेल्या रविवारी गावी गेले होते. काकूंच्या देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेत एक गोल चकती आहे. रुपयाहून मोठी, काळपट तांबूस, कुंकवाचा थर. तिच्यावर घोडा आणि घोड्यावर माणूस. आमच्याकडे तो खंडोबा. पणजीच्या वेळेपासून खंडोबा. चंपाषष्ठीला त्याला भंडारा लागतो, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात. मीही लहानपणापासून त्याच्या पाया पडत आलेय.

या वेळी सहज हातात घेतला. घोड्यावरच्या माणसाच्या अंगावर कपडाच नाही. घोड्याच्या पायाखाली कवटी आणि दोन हाडं. उलटा केला तर मिशीदाढीवाला एक साहेब, बाजूने इंग्रजी अक्षरं. वरच्या बाजूला काहीतरी तुटल्याची खूण. काकूंना म्हटलं, काकू, हा खंडोबा नाही. त्या म्हणाल्या, "तू शिकली म्हणून देव बदलायचा नाही."

फोटो टाकतेय. कडेवर काहीतरी कोरलंय, पण चिंच लावून इतकी वर्षं घासल्यामुळे वाचता येत नाही.

देवळाली_निवृत्त

अहो ताई! हे ब्रिटिश वॉर मेडल आहे. साहेब म्हणजे पंचम जॉर्ज. घोडेस्वार म्हणजे त्यांचा सेंट जॉर्ज, घोड्याच्या पायाखाली शत्रूची ढाल आणि कवटी, बाजूला १९१४ आणि १९१८. वरची दांडी तुटलीय, तिच्यात फीत ओवायची असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नीट बघून सांगा, धातू चांदीचा आहे की खरोखर तांबूस? कुंकवाने लाल झालाय की मुळातच? हे मेडल सैनिकांना चांदीचं मिळालं. काशाचं दिलं ते मजूर तुकड्यांना, हिंदी, चिनी, माल्टी अशा लोकांना.

कडेवर माणसाचा नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी कोरलेली असते. आता अजिबात घासू नका. रात्री खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च कडेला अगदी आडवा धरा, मेडल हळूहळू फिरवत फोटो काढा. समोरून उजेड टाकलात तर काही दिसणार नाही.

गोदाकाठी

काशाचंच आहे. काकूंनी एका कोपऱ्यात कुंकू पुसू दिलं (मनाविरुद्ध), खाली चांदीचा मागमूस नाही.

टॉर्चची युक्ती लागू पडली. नंबराचे शेवटचे आकडे गेलेत. नाव अर्धं लागतं आणि ते पणजोबांचंच आहे, स्पेलिंग विचित्र. पुढे 'पोर्टर' आणि 'कोअर' हे दोन शब्द स्वच्छ.

म्हणजे पणजोबा हमाल होते. वडिलांना सांगताना मी जरा चाचरले. आमच्याकडे "सैन्यात होते" असं लग्नाच्या बैठकीतसुद्धा सांगितलं गेलंय.

देवळाली_निवृत्त

चाचरायचं कारण नाही. १९१६ च्या सुरुवातीला बसऱ्याच्या बंदरात धक्काच धड नव्हता. शत्त-अल-अरब नदीत जहाजं आठवडेच्या आठवडे माल उतरवायची वाट बघत उभी, आणि वर कुतच्या बाजूला माणसं उपाशी. तो माल पाठीवर वाहून नेणारी ही माणसं. उन्हाळ्यात तिथे माणसं उष्म्याने पटापट मरत. पटकी, हगवण, स्कर्व्ही वेगळंच. बगदाद जिंकणारा जनरल मॉड स्वतः नोव्हेंबर १९१७ मध्ये पटकीने मेला, मग हमालाची काय कथा.

मात्र एक नीट समजून घ्या. हे मेडल आघाडीवर गेलेल्याला मिळत असे, मेलेल्याच्याच घरी येई असं नाही. मेलेल्यांसाठी काशाची वेगळी मोठी तबकडी होती, बशीएवढी, तिच्यावर सिंह आणि ब्रिटानिया. ती घरात नाही ना? मग "तिकडंच वारले" याला अजून पुरावा नाही.

निफाडकर

पोर्टर कोअरच्या काही तुकड्या तुरुंगातल्या कैद्यांमधून उभ्या केल्या होत्या ना? शिक्षा माफ करायच्या बोलीवर?

देवळाली_निवृत्त

काही तशा होत्या, हो. पण सगळ्या नव्हे. तुकडीचा नंबर कळल्याशिवाय त्याबद्दल काही बोलणं बरं नाही. उगाच ताईंच्या वडिलांच्या डोक्याला ताप.

जुना_तलाठी

फेरफाराचं काय झालं?

गोदाकाठी

काका, तुमच्या तोंडात साखर पडो. जुना सर्व्हे नंबर मिळाला आणि त्यावरून फेरफारही. नोंद मोडीत आहे. पानाचा फोटो टाकतेय, आडनाव आणि गाव झाकलंय. @मोडीवाचक, तुम्ही वाचाल का?

मोडीवाचक

वाचलं. अक्षर घाईचं आहे पण तलाठ्याचा हात सरावाचा, त्यामुळे लागतं. थोडक्यात असं :

खातेदार मयत. वारस मुलगा, अज्ञान (म्हणजे सज्ञान न झालेला), वय वर्षे ४. त्याचे अ.पा.क. म्हणून आई, तिचं नाव दिलंय. मयताच्या भावाने कबुली दिली, त्याचा अंगठा. नोंद १९१९ च्या एप्रिलमधली आणि त्यात "मयत होऊन सुमारे सहा महिने" अशा अर्थाचं वाक्य आहे. खाली मंजुरीची सही बाळबोधीत (देवनागरीत).

नवख्यांसाठी : अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. जुन्या सातबाऱ्यात ए.कु.मॅ. दिसतं, ते एकत्र कुटुंब मॅनेजर. मोडीत शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ नसतं, म्हणून नाव वाचताना अंदाजाने एक काना इकडे-तिकडे होतो. वय "४" वर मात्र मी ठाम आहे.

एप्रिल १९१९ मधून सहा महिने मागे गेलो की ऑक्टोबर १९१८ येतो. ऑक्टोबर १९१८ म्हटलं की जुने कागद वाचणाऱ्याला दुसरं काही आठवतच नाही.

कुसुम_पंचवटी

मानमोडी.

मोडीवाचक

हो. इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ माणसं मेली. मुंबईहून रेल्वेने ती सगळीकडे पसरली आणि नाशिक रोड, इगतपुरी, मनमाड ही जीआयपी रेल्वेच्या मोठ्या मार्गावरची ठिकाणं. त्यातच त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग. ही साथ म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीसच्या माणसांना जास्त घेऊन गेली. तुमच्या पणजोबांचं वय तेवढंच असणार.

पण फेरफारात ठिकाण नाही. बसऱ्यातही त्या वेळी साथ होतीच. तेव्हा अजून दोन्ही शक्यता उघड्या आहेत.

उगाच_आलो

हा धागा मी आता चहा घेऊनच उघडतो.

गोदाकाठी

उपाध्ये सापडले! कुसुमताई, तुम्ही सांगितलं तसंच झालं. रामकुंडाजवळ विचारत विचारत गेले, गाव आणि आडनाव सांगितलं, एका आजोबांनी "ते कपालेश्वराच्या बाजूला, त्यांच्याकडे तुमचं गाव" म्हणून बोट दाखवलं. गुरुजी तरुण आहेत, जीन्स घातलेली, पण चोपड्या पणजोबांच्या. लाल कापडात बांधलेल्या, लांबट, वरून उलटायच्या. पान उलटताना ते बोटाला थुंकी लावू देत नाहीत, हे फार आवडलं.

आमच्या घराण्याचं पान निघालं. त्यात माझ्या आजोबांची सही आहे, १९५६ च्या सिंहस्थातली. वडील ती बघून खाली बसले. त्याच्या वर चुलत पणजोबांचा, म्हणजे पणजोबांच्या भावाचा लेख. लिहिलंय उपाध्यांनी, खाली अंगठा. शके १८४०, अश्विन वद्य, तिथीचा आकडा पुसट. "बंधूचे अस्थी घेऊन आलो" आणि बंधूचं नाव. पणजोबांचंच.

कुसुम_पंचवटी

अंगावर काटा आला.

निफाडकर

बसऱ्याहून अस्थी पाठवल्या असतील असं होऊ शकत नाही का? म्हणजे फक्त शंका.

देवळाली_निवृत्त

एखाद्या सुभेदाराच्या बाबतीत मित्रांनी काही केलं असेल तर सांगता येत नाही. पण १९१८ च्या ऑक्टोबरात, सगळीकडे साथ चालू असताना, पोर्टर कोअरमधल्या हमालाच्या अस्थी बोटीने मुंबईला, तिथून रेल्वेने नाशिकला आणि तेही त्याच महिन्यात? मला पटत नाही. माणूस घरी परतलेला होता.

जुना_तलाठी

वाद कशाला घालता? आता महिना कळलाय ना. आता मृत्यूची वही बघा. गाव नमुना १४, लोक कोतवाल बुक म्हणतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना हीच पुस्तकं तालुक्यातालुक्यांत रुमालातून बाहेर काढली, मोडी वाचणारे बसवले, स्कॅन केली. त्यामुळे आज ती आहेत की नाहीत एवढं तरी चटकन कळतं. त्याआधी एका ठिकाणी (कुठल्या ते विचारू नका) मला वाळवीने खाल्लेलं गाठोडं दाखवून "हेच तुमचं रेकॉर्ड" म्हणाले होते.

पूर्ण वर्ष मागू नका. "सन १९१८, सप्टेंबर ते नोव्हेंबर, मृत्यू" एवढंच मागा. काम करणाऱ्याला सोपं जातं.

गोदाकाठी

मध्ये दिवाळी, मुलाची परीक्षा, वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, म्हणून धागा मागे पडला होता. वर काढतेय.

नक्कल मिळाली. गावाच्या वहीत ऑक्टोबर १९१८ ची पानं सुरू झाली की अक्षर बदलतं. आधीच्या महिन्यांत मृत्यू तुरळक, पानावर मोकळी जागा. ऑक्टोबरात ओळीला ओळ लागलेली, कुठे बापाचं नाव नाही, कुठे वय नाही. कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा "ताप" लिहिलंय आणि त्याखाली पानभर नुसत्या सदर-सदरच्या खुणा. एका घरची तीन माणसं एकाखाली एक.

पणजोबा त्यातच आहेत. नाव, बापाचं नाव, वय २८, ताप. तारीख २२ की २३ ते मला कळत नाही.

मोडीवाचक

मलाही ठाम सांगता येत नाही. मोडीतला २ आणि ३ या हातात फार सारखे आहेत. त्याच पानावर इतरत्र स्पष्ट ३ आहे, त्याची शेपटी खाली जाते, इथे ती तुटलेली वाटते. मी २२ च्या बाजूने. जुन्या पंचांगाने २२ ला वद्य तृतीया येते, २३ ला चतुर्थी. गुरुजींकडून खात्री करून घ्या.

"ताप" या रकान्याबद्दल : गावच्या वहीत कारणं ठरावीकच लिहीत. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, इजा, इतर. मानमोडीला वेगळा रकाना नव्हता, ती सगळी माणसं तापात गेली. म्हणून सरकारी आकड्यांतसुद्धा त्या वर्षीचा ताप एकदम आभाळाला भिडलेला दिसतो.

देवळाली_निवृत्त

आता मेडलचंही कोडं सुटतं. ही मेडलं युद्ध संपल्यावर तयार झाली आणि लोकांच्या हातात पडेपर्यंत १९२० नंतरची वर्षं उजाडली. म्हणजे माणूस गावात मेला, आणि दोनचार वर्षांनी सरकारी टपालातून त्याच्या नावाची चकती विधवेच्या हातात आली. मुलगा सातआठ वर्षांचा. त्याला आठवणार काय, तर बाप बसऱ्याला गेला होता आणि मेल्यावर सरकारने काहीतरी पाठवलं. पुढचं वाक्य आपोआप तयार झालं.

उगाच_आलो

आणि पणजीने घोडा बघून देव्हाऱ्यात ठेवला.

गोदाकाठी

किंवा तिला माहीत होतं खंडोबा नाही ते, आणि तरी ठेवला. वडील असं म्हणतात. मला ठरवता येत नाही.

गुरुजींनी तृतीया धरा म्हणून सांगितलं. पितृपक्षात त्या तिथीला वडील गंगेवर जाऊन करणार. सगळ्यांचे आभार मानते, पण धागा बंद करू नका. मला आता पणजीचा शोध घ्यायचाय. तिचं माहेर कुठलं ते घरात कोणालाच माहीत नाही. नाव फेरफारात पहिल्यांदा दिसलं, तोवर ती आम्हाला नुसती "म्हातारी आई" होती. ती कधी गेली तेही नक्की नाही, आजोबांचं लग्न झाल्यावर एवढंच.

जुना_तलाठी

बायकांचं अवघड असतं. मृत्यूच्या वहीत "अमक्याची बायको" लिहून मोकळे होत. पण तुमच्या बाबतीत एक धागा आहे. मुलगा सज्ञान झाला की अ.पा.क. शेरा कमी करायचा फेरफार होतो. तो १९३२-३३ च्या पुढेमागे असेल. त्या फेरफारात ती हयात होती का, हजर होती का, की "अ.पा.क. मयत" म्हणून शेरा गेला, ते दिसेल. नंतर जमिनीवर तगाई (सरकारी शेतीकर्ज) किंवा सोसायटीचं कर्ज काढलं असेल तर तेव्हाही नाव येऊ शकतं.

कुसुम_पंचवटी

आणि माहेरासाठी त्याच गुरुजींकडे परत जा. अस्थींच्या लेखाशेजारी कधी कधी बरोबर आलेल्या सोयऱ्यांची नावं आणि गावं असतात. तेव्हा तुम्ही फक्त पणजोबांचं नाव बघितलं असणार. चुलत पणजोबांबरोबर आणखी कोण आलं होतं, तो भाग फोटोत कापला गेलाय. पूर्ण पानाचा फोटो आहे का?

गोदाकाठी

आहे. शेवटी दोन नावं दिसतायत, एकाच्या पुढे गाव लिहिलंय, अकोले तालुक्यातलं वाटतं. @मोडीवाचक, मोठा करून टाकतेय.

मोडीवाचक

टाका. आणि दुसऱ्या नावाच्या आधी "मेव्हणे" आहे की "मावळे" ते बघू. संध्याकाळी सांगतो.